तेविसाव्या पानावरची तळटीप

देवास,
२८ जानेवारी

प्रिय जान्हवी,

हे पत्र हाताने आणि मराठीत लिहिते आहे, ते मुद्दाम. माझे मेसेज तू चालता चालता वाचतेस आणि अंगठा दाखवून मोकळी होतेस. मराठी वाचताना तू अडखळतेस हे मला ठाऊक आहे. अडखळ. फोनवर हे बोलता येत नाही, कारण भाऊंचा आवाज गेला असला तरी कान शाबूत आहेत, आणि त्यांनी पाटीवर लिहून मला बजावलंय, 'तिला काही बोलू नकोस.' मी बोलत नाहीये. लिहिते आहे.

भाऊंचा आवाज साठवलेला तो कॉम्प्युटरचा डबा सुरू झाला. परवा, सव्वीस जानेवारीला, सकाळी दहाच्या सुमारास. सगळं साठवणारी तुझी ती एसएसडी मेलेली नव्हती. तिला काहीही झालेलं नव्हतं.

आता क्रमाने सांगते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी लाइनच्या कामासाठी आमच्या गल्लीची वीज दिवसभर बंद होती. इन्व्हर्टर दुपारीच बसला. संध्याकाळी वीज आली, डबा लावला, तर काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, की सुरू होण्याजोगं काहीच सापडत नाही. तुला फोन केला. तू म्हणालीस, "आई, एसएसडी उडाली, जुनीच होती. तू हात लावू नको, दुकानात दे, नवीन टाकतील. माझा रिलीजचा आठवडा आहे. आणि बॅकअप आहे ना, दिवाळीत नवी डिस्क लावली त्यावर." एका दमात एवढं बोललीस आणि फोन ठेवलास.

ए.बी. रोडवरच्या दुकानदाराने झाकणसुद्धा उघडलं नाही. स्क्रीनकडे पाहिलं आणि निकाल दिला, "माताजी, एसएसडी तो गई काम से. नई डाल के सब फॉर्मेट मार देते हैं, एकदम चकाचक." मी म्हटलं, भिया, त्यात माझ्या नवऱ्याचा आवाज आहे. तो म्हणाला, "तो अंकलजी से नया रिकॉर्ड करा लो." मी डबा उचलला आणि रिक्षाने घरी आणला. त्याला काय सांगणार होते? घशाच्या ऑपरेशनच्या आधी चाळीस दिवस भाऊ रोज सकाळी माइकसमोर बसले होते. सहाशे बारा वाक्यं. प्रत्येक वाक्य मी वहीत उतरवलं आहे. 'प्रेमला, चहात साखर कमी आहे' हे तर तीन पट्ट्यांत: साधं, नाराज, आणि संतापलेलं. शेजारच्या भूपेंद्रसाठी 'ओ भिया, गाड़ी हटा लो'. तुझ्या चिऊसाठी 'आज शाळेत कोणाला मारलंस?' टॅबलेटवर बोट ठेवलं की डबा बोलायचा. ही करामत तुझीच. त्याबद्दल मी तुझं कौतुक केलं होतं आणि ते मागे घेत नाही.

पण त्यानंतर अकरा दिवस या घरात काय चाललं होतं ते ऐक. भाऊ मला वाटी वाजवून बोलवत होते. चमच्याने, स्टीलची वाटी. बत्तीस वर्षं कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात दोनशे माणसांना नावाने हाक मारणारा माणूस. पाटीवर लिहायचं तर हात थरथरतो, दोन शब्दांत दमतात. चौथ्या दिवसापासून त्यांनी वाटीही वाजवणं सोडलं. तहान लागली तरी मी खोलीत येईपर्यंत थांबायचे. त्याच आठवड्यात तुझा व्हिडिओ कॉल आला आणि चिऊने विचारलं, "नाना रूठ गए क्या?" आणि तू तिला सांगितलंस, "नेटवर्क नहीं है, बेटा." मी कॅमेऱ्याच्या बाजूलाच बसले होते, जान्हवी. भाऊसुद्धा.

शेवटी मीच स्क्रू ड्रायव्हर घेतला. मी बी.एस्सी. केलं तेव्हा संगणक पाहिलाही नव्हता, पण धारच्या शाळेत सव्वीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आहे, आणि न चालणारं उपकरण कसं तपासायचं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. आधी बोर्डावरची चपटी बॅटरी बदलली, कारण घड्याळ चुकीचं साल दाखवत होतं. घड्याळ सुधारलं, डबा नाही. मग ती च्युइंगमच्या पट्टीएवढी एसएसडी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसले, परत बसवली. तिळाएवढा स्क्रू हातातून निसटला तो भाऊंनी जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकाने शोधून दिला, आणि माझी फजिती बघून पोट धरून हसले. आवाज न करता हसणारा माणूस पाहायला फार कठीण जातं. मी एका दमात तीन वायरी उपसायला निघाले तेव्हा त्यांनी पाटी पुढे केली. 'एका वेळी एकच.'

मग मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. बोर्डाबरोबर आलेली पुस्तिका भिंग घेऊन वाचली. तेविसाव्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, तळटीप आहे: सहाव्या पोर्टला डिस्क जोडली, तर एसएसडीची ही खाच बंद होते. दोघींची वाट एकच आहे. एकीला दिली की दुसरीला मिळत नाही. आणि सहाव्या पोर्टला काय होतं? तू भाऊबीजेच्या दिवशी, टॅक्सी दारात हॉर्न वाजवत असताना, चालू डब्यात खुपसलेली नवी डिस्क. ती वायर काढली. एसएसडी यादीत दिसली. डबा उठला.

तळटीप तुझ्या नजरेतून सुटली, त्याचा मला राग नाही. माझ्याही सुटली असती. राग पुढचा आहे. डबा भाऊबीजेपासून संक्रांतीपर्यंत एकदाही बंद झाला नव्हता, आणि तो बंद होऊन पुन्हा सुरू झाल्याशिवाय सहावं पोर्ट जागंच होत नाही. म्हणजे ज्या डिस्कवर बॅकअप आहे म्हणालीस, ती डिस्क त्या डब्याला कधी दिसलीच नव्हती. तरी मी तिला एक संधी दिली. दुसऱ्या पोर्टला लावून उघडली. कोरी. एक फाइल नाही. तुला वाटलं, लावली की झालं, नंतर बघू. आणि डबा बंद पडल्यावर मी फोन केला तेव्हा 'आहे' म्हणालीस, कारण 'नाही' म्हणायला लाज वाटली. आणि त्या 'आहे'च्या भरवशावर मी दुकानदाराला जवळजवळ हो म्हणणार होते. फॉर्मेट मार भिया, मुलीकडे बॅकअप आहे. एवढंच वाक्य मध्ये उरलं होतं. तळटीपेला लाल शाईने गोल करून पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. ती जपून ठेव.

डबा सुरू झाल्यावर भाऊंनी पहिलं बटण कुठलं दाबलं असेल? 'प्रेमला, चहात साखर कमी आहे.' तिसऱ्या पट्टीतलं. मी अजून चहा दिलाही नव्हता. मग मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि जरा वेळ तिथेच उभी राहिले.

त्याच दुपारी वही घेऊन बसले आणि सगळ्या फाइली एकेक करून पडताळल्या. सहाशे बारा भरल्या. आणि एक जास्त निघाली. माझ्या वहीत नसलेली, एक्केचाळीस मिनिटांची. ऑपरेशनच्या आदल्या सकाळची तारीख; मी तेव्हा दवाखान्यात सोबत म्हणून सावित्रीबाई वहिनींना आणायला धारला गेले होते. तिचं नाव आहे 'जान्हवीसाठी, मी गेल्यावर'. मी ती उघडलेली नाही. भाऊंना विचारलं तर त्यांनी बटण दाबलं, 'नको त्यात डोकं घालू नकोस.' म्हणजे तू जे वाऱ्यावर सोडलं होतंस त्यात तुझ्या वाटणीचंही होतं, आणि ते गेलं असतं तर गेल्याचंही तुला कळलं नसतं. त्या फाइलचं नाव मला मुळीच मान्य नाही. त्यांच्यावरही मी तेवढीच रागावले आहे. वीस फेब्रुवारीला त्यांची इंदूरला तपासणी आहे. त्याच्या आधी ये. चिऊला घेऊन ये. बॅकअप माझ्यासमोर बसून घे, डबा बंद करून, पुन्हा सुरू करून, एकेक फाइल मोजून. मग ती एक्केचाळीस मिनिटं लाव आणि ऐक, ते शेजारच्या खुर्चीत बसलेले असताना. त्यांना काय लाजायचं ते लाजू देत, तुला काय रडायचं ते रड. फाइल मी तुला पाठवणार नाही. मागूही नकोस.

रागावलेली, तरीही तुझीच,
आई