नवलगीरबाबांचं मीठ

९ फेब्रुवारी १९३६, नंदुरबार

सुरतेला गाडी बदलून काल दुपारी एकदाचा नंदुरबारला उतरलो. कोळशाच्या धुरानं तोंड असं काळं झालं होतं, की नव्या सायन्स मास्तरांना शोधायला आलेला शाळेचा शिपाई माझ्या अंगावरून दोनदा पुढे गेला! खोली मात्र फर्मास मिळाली. घरमालक नवलगीरबाबा जातीचे गोसावी, सत्तरी ओलांडलेले, एकटेच. कपाळावर भस्माची तीन बोटं, आणि बोलताना सारखे हसतात. भाडं नंतर बघू, आधी जेव, म्हणाले. स्वयंपाक दगूबाई करते. ही जवळच्या कोरीट गावची विधवा, बाबांकडे वीस वर्षं आहे. तिच्या शेवभाजीनं माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, तर ते बघून दोघंही खूश.

हेडमास्तरांनी काम दिलं तेही माझ्या जोगतं. इथल्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही आणि मी डहाणूचा. मार्चअखेर इन्स्पेक्टरसाहेब येतील, तोवर काचेच्या हौदात खराखुरा समुद्र मांडून दाखवा, नोकरी कायम करतो, म्हणाले. नोकरी कायम झाली की पारूला इथे आणता येईल. ती माहेरी डहाणूलाच आहे, सातवा सरत आलाय.

२१ फेब्रुवारी

महाशिवरात्र. बाबांनी आज एक अजब गोष्ट दाखवली. त्यांच्या कोठीत दोन पोती खडेमीठ आहे, पांढरं शुभ्र, खडा न् खडा निवडलेलं. गोसाव्याला जाळत नाहीत. खड्ड्यात बसवतात आणि गळ्यापर्यंत मीठ भरतात, म्हणजे देह सडत नाही. बाबांना मूल नाही, मागे कोण करणार, म्हणून तीस वर्षं दर शिवरात्रीला ते स्वतःच ओंजळभर, पायलीभर घालत आले. आज मलाही एक मूठ घालायला लावली. मग पोत्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, हाई मीठ मन्हं शे. जव्हय मी जासू, तव्हय हाई मन्हासंगे जाई."

माणूस आपल्याच मरणाची बेगमी इतक्या हौसेनं करतो, याचं मला हसू आलं. उघड हसलो नाही.

११ मार्च

रमजान पत्रेवाल्यानं सागाच्या चौकटीत काचा बसवून हौद केला. तीन फूट लांब, दीड फूट खोल. माणूस कसबी, पण समुद्राचं पाणी म्हटल्यावर त्यानं मला नीट न्याहाळून घेतलं. डहाणूहून घासलेटच्या डब्यांतून पाणी आणलं, दोनच डबे. बाकीचं मिठानं करायचं ठरवलं. बाजारचं मीठ विरघळवलं तर निम्मी माती. पाणी चहासारखं झालं.

१४ मार्च

लिहू की नको असं झालंय, पण रोजनिशीशी कसला आडपडदा. बाबा तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाला गेले आहेत. मी कोठीतून मीठ काढलं. तळच्या पोत्यातलं, वीस शेर. जागी हौदाच्या तळासाठी आणलेली वाळू भरली आणि वर चार बोटं मीठ पसरलं. बाबा ठणठणीत आहेत, अजून दहा वर्षं कुठे जात नाहीत. पगार वाढला की तेवढंच मीठ आणून टाकीन. मेलेल्या माणसाला मीठ काय आणि वाळू काय!

१९ मार्च

पहिला हौद कोपऱ्यातून गळला, सात शेर मीठ जमिनीत गेलं. ओल सुकल्यावर फरशीवर पांढरा थर धरला. रमजाननं काचेच्या सांध्यांत लांबी पुन्हा भरली. दुसऱ्या खेपेला साधलं! घनतामापक समुद्रासारखा बरोबर एक हजार पंचवीसवर तरंगतो. उरलेलं पाचसहा शेर बरणीत ठेवलं होतं, ते दगूबाईनं स्वयंपाकाला घेतलं. म्हणाली, असं मीठ नंदुरबारात मिळत नाही. कुठून आणलं ते तिला ठाऊक नाही आणि मी सांगितलंही नाही.

२९ मार्च

फत्ते! डहाणूहून आणलेल्या दोन निवट्या (खाडीच्या चिखलातले मासे), पाच शंखातले खेकडे, मूठभर कोळंबी, सगळी जिवंत. दिवसातून तीनदा सायकलच्या पंपानं हवा देतो. मुलं काचेला नाकं लावून उभी. इन्स्पेक्टरसाहेबांनी निवटीला बोट लावून पाहिलं. नोकरी कायम. बाबाही येऊन हौदाशी बराच वेळ बसले. एवढं मीठ कुठलं, असं विचारलं. सुरतेचं, म्हटलं. वेळ मारून नेली.

पारूला आंबट खावंसं वाटतंय. दगूबाईनं कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं घातलं, ती बरणी पार्सलनं डहाणूला धाडली.

१९ एप्रिल

मुलगी झाली! दोघी सुखरूप. पारूनं लिहिलंय, लोणच्यानं डोहाळे पुरवले, आता पथ्यातही चोरून खाते. दगूबाईनं गूळ वाटला. बाबांनी बाळीसाठी भस्माची पुडी दिली. जूनमध्ये दोघींना आणायचं.

२४ एप्रिल

आज आखाजी, म्हणजे इथली अक्षय्यतृतीया. घरोघर झोके, गाणी. सकाळी बाबा ओसरीवर बसल्या बसल्या गेले.

शहाद्याकडचे गोसावी दुपारपर्यंत आले. मागच्या अंगणात खड्डा खणला, बाबांना मांडी घालून बसवलं. पहिलं पोतं छातीपर्यंत आलं. दुसरं उलटं केलं तर वर मीठ आणि मग नुसती वाळू. सगळे थबकले. कुणीतरी मीठवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. सणाचा बाजार बंद, वेळ टळत होती. शेवटी वाळूच भरली. मी पाटी उचलायला हात लावत होतो. तोंडातून शब्द काढला नाही. लाज वाटते मला.

२८ एप्रिल

घनतामापक एक हजार अठरावर. मापक बिघडला असेल.

३० एप्रिल

एक हजार सात. मापक ठीक आहे, उकळून गार केलेल्या पाण्यात तपासला. हौदाची पातळी तेवढीच, गळती नाही. पाण्यातून मीठ जातंच कसं? सगळी कोळंबी मेली. काचेवर आतल्या बाजूनं राखेची तीन बोटं उमटली आहेत. पुसली. ही दगूबाईची करणी, म्हटलं. तिनं देवाची शपथ घेतली.

२ मे

बरोबर एक हजार. चाखलं, विहिरीचं पाणी. निवट्या उलट्या तरंगत आहेत. फरशीवरचा पांढरा थरही नाही, धुतल्यासारखी काळी फरशी.

अंगणात समाधीच्या नव्या चौथऱ्याला खालून मिठाचा लोणा चढलाय. पांढरा, ओला. वर सहा बोटं कोरडी आहेत.

४ मे

आमटी अळणी. दगूबाईला टोकलं तर ती रडकुंडीला आली, "मी त दोनदा मीठ टाकं, मास्तर." बरणीतला खडा जिभेवर ठेवला. खडू. लोणा आणखी एक बोट चढला.

शाळेला सुट्टी लागलीय. बोलायला माणूस नाही. दगूबाईला सगळं सांगून टाकलं, पोतं, वाळू, सगळं. ती चुलीपुढे बसूनच राहिली. आपणही तेच मीठ खाल्लं, एवढंच पुटपुटली.

५ मे

बाजारातून नवं पोतं आणून समाधीवर ओतलं, नाक घासलं. दुपारी पाहिलं तर ते मीठ चौथऱ्याच्या बाहेर कडेला सारलेलं, खडा न् खडा. त्यांना दुसऱ्याचं नको. स्वतःचंच हवं.

७ मे

ऊन एवढं, सदरा भिजतो, पण वाळल्यावर पाठीवर पांढरे डाग नाहीत. मनगट चाटलं. नुसतं पाणी. पोटऱ्यांत गोळे येतात. दगूबाईची बोटं वळली आहेत, भाकरी थापता येत नाही. तिला कोरीटला पाठवलं. बैलगाडीत बसताना तिनं विचारलं, "मास्तर, खादेल मीठ कसं परत देशात?"

खाल्लेलं मीठ परत द्यायचं कसं, तेच घोकत मी घरात आलो.

९ मे

दगूबाई गेली. भाच्यानं निरोप आणला. गाडीतच, वाटेत. तिच्या कपाळावर —

लोणा दोन बोटं चढला. तीन उरली.

लोणचं. देवा, ते लोणचं.

१० मे

पारूचं पत्र. अक्षर वाकडं. लोणचं अळणी लागतं, सगळंच लागतं, घरचे हसतात. बाळीचा पापा खारट लागायचा, आता लागत नाही. तिच्या मुठी उघडत नाहीत. दूध घेत नाही. आणि पाळण्याच्या दांडीवर कुणी राख फासली, तीन बोटं, दारी बैरागी आला असेल असं आई म्हणते —

दारी नाही आला. मी पार्सलनं पाठवला.

तार केली: लोणचं फेका. पण पोटातलं —

११ मे

उठवत नाही. सरपटत अंगणात आलो. समाधीला पाठ लावून बसलो आहे. हात वळतो. बाबा, चोरी माझी. पारूनं, बाळीनं काही केलं नाही. त्यांचं माझ्यातून घ्या, सगळं घ्या —

शास्त्र म्हणतं, माणसात पाव शेर मीठ. घ्या —

पाठीला गार लागतंय. लोणा चढतोय. एक बोट. दोन —

थांबला.

वर एक बोट कोरडं आहे. फक्त एक. दगूबाईची दोन, माझी दोन. मोठ्या माणसाची दोन बोटं. मग एका बोटात —

तान्ह्या मुलीत किती असतं, ते पुस्तकात कुठे —