आठव्या मजल्यावरचं लोखंड

आश्विन शु. प्रतिपदा
घट बसवले. माती दुकानातून आली, प्लास्टिकच्या पिशवीत, वर गुलाबाचं चित्र. वाकडच्या या आठव्या मजल्यावर माझे पाय मातीला लागून दोन महिने झाले. लिफ्ट बंद, गुडघे बंद. लिफ्टच्या दारावर हात ठेवून दारालाच विचारलं. लोखंड बिचारं तयार आहे, पण तिचं कसलंसं कार्ड जळलंय, आणि कार्डात लोखंड नाही. माझा इलाज लोखंडापुरता.
लिहिणारी सानिका, माझी नात. वय सतरा, डिप्लोमाला. मी सांगते, ती सुधारून लिहिते. मला अक्षर येत नाही म्हणून फावतं तिचं. (हे पण लिही गं.)

तृतीया
आज हुंकार दिला, तर ओट्यावरचा चमचा निम्म्या वाटेत येऊन पडला. वर्षापूर्वी तवा यायचा, भाकरीसकट. लोखंड हलवायची विद्या निघून चाललीय. सासूनं मला माणच्या शेतात अनवाणी उभं करून दिली होती. देणारी, घेणारी, दोघींचे पाय जमिनीच्या मातीत असावे लागतात. लेकाला, दत्तूला, देऊ केली तेव्हा म्हणाला, "आई, कंपनीत क्रेन हाय." राहिली ही पोरगी. आणि दोघी इथं टांगलेल्या.
तिनं घमेल्यातून माती आणली. उभ्या राहिलो. काही नाही, पाय तेवढे धुवावे लागले. म्हणाली, "आज्जी, हे अर्थिंगसारखं आहे. खाली जमिनीशी जोडच नाही." मग म्हणे, भिंतीतली अर्थिंगची तार धरून बघू. मी म्हटलं, "तुझ्या बापाला एका दिवशी दोन मयतं झेपायची न्हाईत."

पंचमी
पोरीनं बाल्कनीतल्या लोखंडी खुर्चीच्या पायांना तांब्याची तार गुंडाळली. खाली स्कूटरची जुनी बॅटरी. तिचा हिशेब असा: वजन हलकं करायचं बॅटरीनं, उचलायचं मी, आणि तरंगत जिन्यानं खाली मातीपर्यंत जायचं. एकटी बॅटरी, खुर्ची नुसती गुरगुरते. एकटी मी, खुर्ची ढिम्म. दोघी मिळून... चार बोटं वर! मी वर बसलेली. हसता हसता खोकला लागला.
तेवढ्यात दत्तू चाकणहून, शिफ्ट करून. "जिन्यात पडलीस म्हंजी? लिफ्ट व्हईल की आता."
दोन महिने होतेय त्याची लिफ्ट. त्यानं बॅटरी कपाटात घातली, कुलूप लावलं.

सप्तमी
कुलूप पितळेचं आणलंय. लोखंडाचं असतं तर मी बोलले असते त्याच्याशी, हे पक्कं ठाऊक त्याला. लेक कुणाचा!
आज नुसती टाचणी हलली. तीही उपकार केल्यासारखी.
सानिका पुस्तक धरून बसलेली, पान काही उलटेना. "रडतीस व्हय?" "नाही. विचार करतेय." डोळ्यांतून विचार गळत होता.

खंडेनवमी
अवजारांची पूजा. आजच्या दिवशी अवजार कोंडून ठेवू नये, एवढं दत्तूला अजून कळतं. पाने, पक्कड, गावाकडचा कोयता मांडला. जरा घुटमळला. मग कपाट उघडून बॅटरी काढली, खुर्चीला जोडून तीही रांगेत ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.
मी सवयीनं सगळ्यांना ओल्या बोटांनी हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, आणि सासू म्हणायची तसं म्हटलं, "आज विसावा घे रं बाबा." खुर्चीलाही तसंच.
दुपारी ध्यानात आलं. लोखंडाला निजवणं सोपं, उठवायला ताकद लागते. माझी उरलीय टाचणीपुरती. वर कुंकवाचं पाणी तारांच्या जोडात गेलेलं. सानिका ओरडली असती तर बरं वाटलं असतं.
कोंडणारा दत्तू, असं इतके दिवस म्हणत होते. आज मीच...

दसरा
पूजेतलं अवजार दसऱ्याआधी हलवत नाहीत, म्हणून बॅटरी कुलुपाबाहेरच होती. दत्तू आपट्याची पानं आणायला गेला. पोरीनं जोड स्पिरिटनं पुसले, पंख्याखाली वाळवले. मी हुंकार दिला. ढिम्म. पुन्हा. ढिम्म.
मग ती खुर्चीच्या पायाशी बसली आणि स्वतःच हुंकारली. माझा सूर नव्हे. बॅटरी गुरगुरते तो. मी म्हणणार होते, असं नसतंय गं...
खुर्ची चार बोटं वर.
मी अजून काही दिलेलंच नाही तिला. हे तिचं तिनं केलेलं. म्हटलं, "मग मला खाली न्यायची गरज काय?" म्हणाली, "तुझं तुझ्यापाशीच आहे ना अजून? टाचणीएवढं का होईना, मला हवंय."
आता पाचव्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर. तारा तापल्यात म्हणून थांबलोय. बॅटरी निम्मी. ही पायरीवर वही ठेवून लिहितेय.
खालून चपला वाजतायत. दत्तूच. "कोण हाय रं जिन्यात?"
सानिका विचारते, "आज्जी, परत वर नेऊ?"
खालीच ने. वही मीट. दोन्ही हात लागतील तुला.