तिसऱ्या अंकातला पुजारी

॥ श्री ॥
पवनी, ८ ऑक्टोबर १९७८

चि. कुंतास वासुदेवदादाचे मनःपूर्वक आशीर्वाद. वि. वि.

यंदा दिवाळीनंतर भरणाऱ्या करडीच्या मंडईच्या जत्रेसाठी माझे नवे नाटक तुमच्या गावच्या मंडळाला दिले आहे. विषय लग्नाविना जन्मलेल्या मुलीचा. हाच का, ते समजावून सांगतो. असे मूल रंगमंचावर आले की प्रेक्षक आपोआप त्याचा पक्ष घेतो, कारण त्याचा अपराध काहीच नसतो आणि शिक्षा जन्मभराची असते. सिनेमावाल्यांनी हे केव्हाच ओळखले आहे. मात्र प्रेक्षकाला रडायचे असते, बाटायचे नसते. म्हणून पहिल्या अंकात आई फसते, दुसऱ्यात गाव मुलीला टोचून खाते आणि तिसऱ्यात म्हातारा पुजारी येऊन सांगतो की तिच्या आईबापांनी देवळात एकमेकांना माळ घातली होती. झाले! मूल शुद्ध, प्रेक्षक मोकळा. या पुजाऱ्यावाचून असले नाटक उभेच राहत नाही; कोणतेही घेऊन पडताळून पाहा.

त्याच दिवशी आमच्या शेजारगावचीही मंडई असल्याने मला येणे जमणार नाही. रुखमाला पुढे बसव आणि तिला काय वाटले ते सविस्तर कळव. माझ्यावर जीव आहे तसाच राहो.

तुझा
वासुदेव

॥ श्री ॥
करडी, १६ ऑक्टोबर १९७८

ती. दादांस कुंताचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. वि. वि.

नाटक बदला दादा, हात जोडते. रुखमा आपल्या धाकट्या बहिणीची, सत्यभामेची, हे तुम्ही विसरला नसाल. सत्यभामा लग्नाआधीच बाळंत झाली आणि त्यातच गेली. तेव्हापासून पोर मला आई म्हणते. गावाला सारे ठाऊक आहे, पण तोंडावर कोणी बोलत नाही. सिहोऱ्याच्या चंद्रभागाबाईंना मी सांगितले आहे की सत्यभामेचे लग्न झाले होते आणि पोरीचा बाप साप चावून मेला. त्यांचा मुलगा जागेश्वर रुखमाला पसंत करून गेला. मंडईला सारे सोयरे जमतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासमोरच सुपारी फोडायची असे आपल्या रीतीने ठरले आहे. त्याच पाहुण्यांना हे नाटक दाखवायचे? कोणाची तरी जीभ खाजवेलच. शेजारचा खुशाल तर आत्ताच विचारून गेला, की काकू, नाटकातल्या पोरीले लुगडे रुखमाचेच देता का.

बहिणीवरची माया यंदा एवढ्यापुरती तरी दाखवावी.

आपली
कुंता

॥ श्री ॥
पवनी, २३ ऑक्टोबर १९७८

चि. कुंतास आशीर्वाद व धीर. वि. वि.

तुझी भीती समजली. परंतु तर्क कुठे चुकतो ते दाखवतो. माझ्या नाटकातली मुलगी शहरातली, तिची आई गिरणीत कामाला. नावे, गाव, जात, सगळे निराळे. शिवाय प्रेक्षक रंगमंचावरचे दुःख शेजारच्या घराला कधीही जोडत नाही. तसे जोडत असता, तर आजवर इतकी नाटके पाहून किती सासवा सुधारल्या असत्या! उलट रडलेला माणूस मऊ होतो. चंद्रभागाबाई पोटभर रडल्या तर त्यात रुखमाचे भलेच आहे.

तालमी रंगात आल्या आहेत. आता मंडळाचा हिरमोड करणे योग्य नव्हे. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा
वासुदेव

॥ श्री ॥
करडी, २० नोव्हेंबर १९७८

ती. दादांस कुंताचा नमस्कार. वि. वि.

तुमचे नाटक फार रंगले. चंद्रभागाबाई इतक्या रडल्या की पदर पिळून घ्यावा. दुसऱ्या अंकात मुलीला पाणवठ्यावरून हाकलतात, तेव्हा त्या माझा हात धरून म्हणाल्या, की कशी मेली माणसं असतील वो ही.

मग प्रेक्षकांकडून नटांना रोख बक्षिसे सुरू झाली. कानात सांगितलेले नाव जसेच्या तसे माईकवर पुकारायचे, एवढेच ताराचंदचे काम. त्याने पुकारले, की मुलीच्या कामावर खूश होऊन रुखमाच्या बापाकडून पाच रुपये. सगळा मांडव हसला. खुशाल तर जमिनीवर लोळला. रुखमा पुढेच बसली होती. चंद्रभागाबाईंचे डोळे अजून ओले होते. तशाच वळून त्यांनी मला विचारले, की साप चावलेला माणूस बक्षीस कसा देऊन राहिला. मागच्या बायांनी मग त्यांना सारे सांगितले, आनंदाने.

सकाळी पाहुणे चहा न घेता निघाले. पण जागेश्वर अडून बसला, तेव्हा बाईंनी एक वाट ठेवली. नाटकात पुजारी सांगतो तसे कोणी सांगावे. सत्यभामेने देवळात माळ घातली होती, एवढे पोरीच्या मोठ्या मामाने, मास्तर माणसाने, आपल्या हाताने लिहून द्यावे. मग जगाले आम्ही पाहून घेऊ, असे म्हणाल्या. दादा, एकच ओळ. रुखमाने चार दिवसांत घराबाहेर पाऊल टाकलेले नाही.

तुमच्या ओळीची वाट पाहणारी
कुंता

॥ श्री ॥
पवनी, २७ नोव्हेंबर १९७८

चि. कुंतास आशीर्वाद. वि. वि.

खुशालचा पोरकटपणा निंद्य आहे. तुझ्या मागणीचा मात्र मी शांतपणे विचार केला. रंगमंचावर मी खोटे लिहितो, तेव्हा ते खोटे असल्याचे लिहिणाऱ्याला व पाहणाऱ्याला दोघांनाही मान्य असते. त्यात कोणाचीच फसवणूक नाही. तेच वाक्य पत्रात लिहिले, तर ती लबाडी ठरते. सत्यभामेने माळ घातली नव्हती. उभी हयात मुलांना खरे बोलायला शिकवून मी हे कसे लिहू? असत्यावर उभारलेला संसार टिकत नाही, हे रुखमाला नीट समजावून सांग. ती समंजस आहे.

आनंदाची गोष्ट म्हणजे आणखी तीन गावांनी नाटक मागितले आहे. पाणवठ्याच्या प्रवेशात रुखमाला नेमके काय वाटले, ते तू कळवलेच नाहीस. कोणाविषयी मनात किल्मिष न ठेवता राहावे.

तुझा
वासुदेव

॥ श्री ॥
करडी, ९ डिसेंबर १९७८

ती. मामांस रुखमाचा नमस्कार. वि. वि.

आई अंथरुणाला खिळली आहे, म्हणून मी लिहीत आहे. चंद्रभागाबाई उत्तरासाठी स्वतः आल्या होत्या. मी त्यांना तुमचे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. जागेश्वर अंगणात उभा राहून ऐकत होता. तुमची सही आली तेव्हा तो बैलगाडीकडे गेला. बाईंनी तुमची फार स्तुती केली, की मास्तर असावा तर असा.

परवा निरोप आला. जागेश्वरचे त्यांच्याच गावच्या कलाबाईंच्या मुलीशी ठरले आहे. लग्नघरी तुमचे नाटक लावायचे आहे, त्यासाठी परवानगी हवी आहे. त्यांची एकच विनंती आहे, की तिसऱ्या अंकातला पुजारी काढून टाकावा. तो खोटे बोलतो हे आता त्यांना ठाऊक आहे, आणि मुलगी शेवटी आहे तशीच राहिली तर लोक जास्त रडतील, असे त्यांचे म्हणणे आहे.

मी त्यांना तुमच्या वतीने होकार कळवला आहे. आपल्याला ते योग्यच वाटेल.

रुखमा