वाफेच्या विमानाची पाटी

३ मार्च, सोमवार

खोका उघडला. आत गवत, सुतळी, आणि त्याखाली हे! बॉयलर, दोन सिलिंडर, जळणाची टाकी. सगळं मिळून माझ्या शिलाई मशीनइतकंच वजन. एरवी संग्रहालयात बॉयलर आला की चार माणसं लागतात. हा मी एकटीनं काखेत मारून टेबलावर आणला. छत्तीस तांब्याच्या नळ्या, करंगळीहून बारीक. एकाही जोडात नख अडकत नाही. करणारा म्हणे कुलपं दुरुस्त करायचा! पंख, सांगाडा केव्हाच मोडीत गेले. एक फोटो उरलाय – चार चाकांवर सपाट उभं यंत्र, पुढे बॉयलर, त्याच्या मागेच चालवणाऱ्याची बैठक.

देणाऱ्या बाई त्या कुलपवाल्याची नात. वय एक्याऐंशी. "आजोबा यात बसून उडाले होते," म्हणाल्या. आमच्या संग्रहालयाच्या साहेबांनी पाटी आधीच लिहून ठेवलीय: 'प्रायोगिक यंत्र. चालवल्याचा पुरावा नाही.' बाईंनी ती दोनदा वाचली. "घरातले सगळे आजोबांना थापाड्या म्हणत गेले," एवढंच बोलल्या. मग मला, "मुली, तू नीट बघशील ना?" मी पन्नाशीला टेकलेय, पण मुली म्हटलं की बरं वाटतं. बघते म्हटलं.

५ मार्च, बुधवार

ग्रंथालयातून वाफेच्या विमानांवरची जाडजूड पुस्तकं आणली. काय एकेक अवलिये! एकानं रिकाम्या कारखान्यात तारेवरून छोटं मॉडेल सोडलं. एकाचं धूड साडेतीन टनांचं – फार वर जाऊ नये म्हणून वरून लाकडी रूळ बसवलेले, तर पठ्ठ्यानं तेच मोडले. आणि १९३३ साली दोन भावांनी खरंच उडवलं की! आवाज इतका कमी की वरून वैमानिक बोलला तर खाली ऐकू यायचं. हे वाचून मी पुस्तक मिटलं. मला शाळेत हे कोणी का सांगितलं नाही?

६ मार्च, गुरुवार

बॉयलर आतून अ‍ॅसिडनं धुतला. दोन बादल्या पांढरं गढूळ पाणी निघालं. तांबं काय चमकतंय! आजचा दिवस सार्थकी.

७ मार्च, शुक्रवार

मेले.

साहेब सकाळी आले, सहज विचारलं, "आत क्षार साचला होता का? असला तर फोटो काढा. क्षार म्हणजे आत पाणी उकळलेलं. बाईंना तेवढा तरी पुरावा देता येईल." काल जो मोरीत ओतला तोच! फोटो नाही, चिमूटभर नमुना नाही. साहेब रागावले असते तर परवडलं असतं. ते फक्त म्हणाले, "मग पाटी आहे तशी राहील."

मी अशी कशी वागले? सासऱ्यांमुळे. चाळीस वर्षं कारखान्यातल्या बॉयलरवर काढली त्यांनी. मला हे काम त्यांनीच शिकवलं, आणि पहिल्या दिवसापासून एकच घोकून घेतलं – बॉयलर हाती आला की आधी क्षार काढायचा, मग बाकीचं. हात आपोआप चालले. कारखान्याचा बॉयलर आणि संग्रहालयातला बॉयलर यातला फरक मला कळू नये?

८ मार्च, शनिवार

आमटीत मीठ दोनदा. कोणी काही बोललं नाही, याचाच जास्त राग आला.

९ मार्च, रविवार

सासऱ्यांना सांगून टाकलं. वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "शिकवलं मी, केलंस तू. निम्मं पाप माझं." मग, "मंगळवारी येतो. छोटा आरसा आणि बॅटरी काढून ठेव." या माणसाच्या घरी मी सून म्हणून आले ते माझं नशीब. हे त्यांना कधी सांगणार नाही.

११ मार्च, मंगळवार

दोन तास! ब्याऐंशीचा माणूस आरसा धरून, गुडघ्यांवर. मी चहा आणला तो गार झाला. मग हाक – "सूनबाई, इकडे ये. पुढच्या नळ्या बघ."

पुढच्या सात नळ्यांना आतून फोड. मागच्या शाबूत. एक पुढची तर फुटलेली, नंतर धातू वितळवून झाळून बंद केलेली. सासरे सावकाश बोलले, "नळीत पाणी नसेल आणि खाली जाळ असेल तर तांबं असं फुगतं. सपाट उभ्या यंत्रात पाणी सगळीकडे सारखं. पुढचंच संपलं, म्हणजे पुढची बाजू वर झाली होती, विमान वर चढताना होते तशी." मी म्हटलं, "चढावर उभं केलं असेल, असं साहेब म्हणतील." म्हणाले, "म्हणू देत. चढावर उभं करून कोण एवढा जाळ घालतो?"

मग माझ्याकडे वळून, "हे सगळं क्षाराखाली होतं ना? धुतलं नसतंस तर दिसलंच नसतं. आणि ही झाळलेली जागाही तुला आधी दिसली नव्हती, म्हणजे तिच्यावरही क्षार चढला होता; फुटल्यावर दुरुस्त करून पुन्हा पेटवलंय."

मला रडू आलं, सरळ आलं. आपल्याच डोळ्यांपुढे बॉयलर फुटतो आणि माणूस तो झाळून पुन्हा त्यात बसतो! साहेबांनी आरशातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि जुनी पाटी उचलून घेऊन गेले.

१३ मार्च, गुरुवार

बाई आल्या. फुटलेली नळी दाखवली, बैठकीवरच्या माणसाच्या हातांवर वाफ कशी आली असेल तेही दाखवलं. बाईंनी आरसा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आजोबांच्या अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती गं. आजीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले होते. स्वयंपाक करताना भाजले, म्हणायची."