हळद सांग

आये, आज एका मुलीने माझा लेख परत पाठवला. इथे पनवेलच्या एका कॉलेजात बायकांच्या आठवणींचं पुस्तक निघतंय, त्याचं काम ती बघते. विधवांना मंगलकार्यापासून लांब ठेवायच्या चालीवर मी सभाच्या सभा पेटवल्या, त्या विषयावर हाती लागेल ते वाचलं, आणि ही पोर फोनवर म्हणते, "मॅडम, लेख एकदम जबरदस्त आहे, पण यात तुम्ही कुठे आहात?" मी चिडले. फोन ठेवल्यावर मात्र तुझं स्वयंपाकघर समोर उभं राहिलं.

पळस्प्याला मोठ्या काकाच्या मुलीची हळद होती. बाबा गेल्यापासून तुला कुणी हळदीला येऊ देत नव्हतं. जिला तू लहानपणी न्हाऊमाखू घातलंस, तिच्या अंगाला हळद लावायला तुझा हात चालत नव्हता. मी परत आले तेव्हा तू तांदळाच्या भाकऱ्या थापत होतीस. मी दारातूनच सुरू झाले, ही कसली रीत, हा कुठला न्याय, आणि आत्याला तर बोलायची लाजच नाही!

तू मान वर केली नाहीस. "भाषन नंतर कर. हलद सांग."

"काय सांगू? तुलाच येऊ देत नाहीत आणि..."

"ते मला ठाव हाय. साडी कोनची होती? आत्या काय बोलली?"

मग मी सांगू लागते. पिवळी साडी. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारिणीचा बसलेला घसा. आणि आत्याचं बोलणं, "हिची आय नाय आली ते बरं झालं."

"अशी नाय बोलत ती. नाकातून बोल."

मी नाकातून बोलते. तू पिठाच्या हाताने तोंड झाकून हसतेस. "आनी नवरी? तिच्याकडं बगितलंस का नाय?"

बघितलं होतं. रागाच्या भरात तेच सांगायचं राहिलं होतं. हळद लागत असताना ती सारखी दाराकडे बघत होती. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाली, "काकी मागच्या दारानं तरी येल ना गो?"

तुझा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली, घरभर वास सुटला, तरी तू ती उलटली नाहीस. "परत सांग," म्हणालीस. मी सांगितलं. "तिनं इचारलं तसं सांग." मी आवाज खाली आणून, तिच्यासारखं विचारलं. तू पदराने चेहरा पुसलास. "हां. आता झाली हलद."

आज दुपारी मी तो लेख बाजूला ठेवला आणि करपलेल्या भाकरीपासून लिहायला घेतलं. लेखात जिथे 'एक स्त्री' होती, तिथे 'माझी आई' आली. एवढे घासूनपुसून ठेवलेले मुद्दे, पण त्या पोरीच्या एका प्रश्नापुढे एकही टिकला नाही.

तू आता नाहीस, हे तुला पोचायचं नाही, म्हणून सांगते. लोक तुझी कीव करतील, म्हणून मी तुला भाषणांबाहेर ठेवलं, असं मी स्वतःला समजावत आले. ते खोटं होतं. व्यासपीठावर माझा गळा दाटला की टाळ्या पडतात, मला ठाऊक आहे. तुझ्यावर टाळ्या पडल्या असत्या, तर त्या मला आवडल्या असत्या. त्याचीच भीती होती.