प्रेमाक्काची संमती

मुलुंड (पूर्व),
११ जानेवारी २०२५

चि. अक्षतास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मी तुला मध्येच तोडतो म्हणून तू पत्र लिहितेस, हा आरोप मान्य. सत्तावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवल्यावर समोरचा पूर्ण वाक्य बोलला की ते पाठांतर वाटतं.

तर तुमच्या सिनेमात नायक येताना मागे म्हणायला श्लोक हवाय, आणि तो दमदार हवा असं दिग्दर्शकांचं म्हणणं. परवा हर्षदने मला, म्हणजे त्याच्या बापाला, असाच एक हिंदी सिनेमा दाखवायला नेलं. नायक कुऱ्हाड घेऊन येतो तेव्हा पन्नास पुरुष संस्कृतसारखं काहीतरी ओरडतात. तीन तास बसलो. त्या तीन तासांत एकही माणूस कामावर जात नाही, कोणाच्या नळाचं पाणी जात नाही. शेकड्याने माणसं मेली आणि एकाचीही आई रडली नाही. बाहेर आल्यावर हर्षदने विचारलं, कसा वाटला. मी म्हटलं, पॉपकॉर्न ताजं होतं.

तुमचा सिनेमा मात्र आपल्या प्रेमाक्कावर आहे. माझी थोरली बहीण एकोणीस वर्षं कांदिवलीच्या संक्रमण शिबिरात पत्र्याखाली राहते, कारण सांताक्रूझची चाळ पाडताना बिल्डरने अठरा महिन्यांत नवी खोली देतो म्हटलं होतं. तिच्या दोन मुलींची लग्नं तिथेच लागली, भावजी तिथेच गेले. आता नवा बिल्डर आलाय, आणि आक्का त्याला संमती देत नाही, कारण त्याच्या कागदात ताब्याची तारीखच नाही. हे कोणीतरी हिंदीत दाखवतंय आणि ते माझ्या भाचीने लिहिलंय म्हटल्यावर श्लोक काय, मी अख्खा सर्ग पाठवला असता.

सोबत शार्दूलविक्रीडितात चार ओळी. अर्थ असा की भग्न भिंतींतून उगवून बेघरांना छप्पर देणारा हा पुरुष पाहा. तो आक्काचा वकील असणार असं धरून लिहिलंय.

लोभ आहेच, उत्तर देताना त्यात थोडी भर घालून पाठव.

तुझा,
मधुमामा

*

अंधेरी (पश्चिम),
२ फेब्रुवारी २०२५

ती. मधुमामास,
शि. सा. न. वि. वि.

आधी बस, मग वाच. तुझा श्लोक सगळ्यांना आवडला, झकास रेकॉर्ड झाला. नायक वकील नाही रे मामा. बिल्डर आहे.

मलाही गेल्याच आठवड्यात कळलं. एक बांधकाम कंपनी सिनेमात भागीदार म्हणून आलीये. निर्मात्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले की पत्रे आणि संडासची रांग बघायला कोणी तिकीट काढत नाही, लोकांना जिंकणारा माणूस लागतो. म्हणून आता परदेशात शिकलेला तरुण बिल्डर गरिबांना टॉवर द्यायला तळमळतोय, आणि एक हट्टी म्हातारी सही करत नाही म्हणून दोनशे कुटुंबं अडकलीयत. मध्यंतराला ती त्याच्या गाडीवर दगड मारते. तिचं नाव प्रेमाच आहे. मी म्हटलं, नाव तरी बदला. तर म्हणे खऱ्या बाईवरचं आहे, हेच विकलं जातं. मी लिहिलेल्या एकशे अठरा पानांतली अकरा उरलीत, तीही नळावरच्या भांडणाची.

पण खरी वाट मीच लावलीये. दिवाळीत मी मावशीकडे एक इंग्रजी कागद नेला होता. तिचं नाव, आयुष्य, बोलणं, सगळं वापरायची कंपनीला मुभा. सिनेमाच्या धंद्यात तो सगळेच घेतात, म्हणून मीही घेतला. एकोणीस वर्षं बिल्डरच्या माणसाला ‘आधी वाचून दाखव’ म्हणत आलेली बाई, तिने मला एक शब्द विचारला नाही. म्हणाली, तू आणलंयस ना गो, मग कुठे करू तेवढं सांग. सही केली आणि चहा टाकायला उठली. वकिलाला दाखवला. तो म्हणतो, कागद पक्का आहे.

मी काम सोडलं. श्रेयनामावलीतून माझं नाव काढा असं लिहून दिलं, तर त्यांना बरंच वाटलं. पण मावशीची सही तिथेच आहे ना. मला वाटतं, तिला कळूच देऊ नये. ती कुठे जातेय थिएटरला. सिनेमा येईल आणि जाईल. तूही काही बोलू नकोस, प्लीज.

माझ्यावरचा लोभ थोडे दिवस न तपासता राहू दे.

तुझी,
अक्षता

*

मुलुंड (पूर्व),
९ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षतास,
आशीर्वाद, वि. वि.

बसूनच वाचलं. मग उठलो आणि श्लोक परत मागणारं पत्र कंपनीला मेलवर धाडलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, की माझ्या भावनांचा आदर आहे आणि काळजी नसावी, संगणकाने तसेच चार श्लोक करून दिलेत. नमुनाही पाठवला. त्यात बिल्डरला त्रिभुवनाचा स्वामी म्हटलंय. म्हणजे आक्काच्या वैऱ्याची आरती मी नाही तर यंत्र गाणार, एवढाच फरक.

हिंदी सिनेमा समाजाबद्दल बोलत नाही असं मी वर्षानुवर्षं शिक्षकांच्या खोलीत ठणकावून सांगत आलो. चुकत होतो. तो बोलतो, आणि कोणाच्या बाजूने ते तिकिटावर छापत नाही. मागच्या वर्षी मी आठवीला स्वतःच्या घरावर पाच संस्कृत वाक्यं लिहायला दिली होती. रतन नावाच्या मुलीने लिहिलं, मम गृहे विशालं सोपानम् अस्ति. माझ्या घरात मोठा जिना आहे. ती भांडुपला एका खोलीत पाच जणांत राहते. असा दिवाणखान्यातून वर जाणारा जिना तिने पडद्यावरच पाहिलेला. तिच्या खोलीसारखी खोली तिला तिथे कधी दिसलीच नाही, मग ते घर आहे असं तिला वाटावं कसं? वाक्य बिनचूक होतं म्हणून मी पूर्ण गुण दिले. तेव्हा मला काहीच खटकलं नाही, याची आज जास्त चीड येते.

आता तुझं. मावशीच्या भल्यासाठी तिला कळू द्यायचं नाही म्हणतेस. तिच्या भल्याची काळजी करणारे दोन बिल्डर आधीच होऊन गेलेत, तू तिसरी होऊ नकोस. काल शनिवारी कांदिवलीला जाऊन मी सगळं सांगितलं. ती पावटे सोलत होती. श्लोकाचंही सांगितलं, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सहावीत गेलो. मग एवढंच विचारलं, पोरीने आधी लिहिलेली पानं कुठायत. श्लोकानंतर तू मला मेलवर पाठवलेली एकशे अठरा पानं हर्षदने छापून दिली होती, ती ठेवून आलो.

माझ्यावर रागव. लोभ त्यातून वाचला तर कळव.

तुझा,
मधुमामा

*

संक्रमण शिबिर, कांदिवली,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षता हिस,
मावशीचा आशीर्वाद.

मधू सांगून गेला. सही मी केली, ती माझी चूक. तुझी चूक लपवायला निघालीस ती. त्याचा राग शिमग्यापर्यंत राहील, मग बघू.

तो पिक्चर लागला की आम्ही अकराजणी थिएटरच्या दारात उभ्या राहणार. ज्याला प्रेमा बघायची असेल त्याने बाहेर बघावी, फुकट.

आता तुझ्या पानांचं. दुपारची जेवणं आटपली की शेजारची सुलक्षणा मोठ्याने वाचायची, आम्ही सगळ्या ऐकायचो. तीन दुपारी लागल्या. नळावरची भांडणं तू बरी लिहिलीस, पण आम्ही त्यात हसतोही, ते कुठे लिहिलं नाहीस. इथे पोरींच्या लग्नात सगळी लाइन रात्रभर नाचली, त्याचंही काही नाही. सगळी पानं नुसती उसासे टाकतात. आणि शेवटी मला मारलंस. नवी खोली मिळायच्या आधी, पत्र्याखाली, पंख्याकडे बघत. सुलक्षणा रडली. मला संताप आला. त्यांनी मला वाईट बाई केली, तू चांगली केलीस आणि मारून टाकलीस. मेल्यावर माझी संमती कोण मागणार गो? लोक डोळे पुसतील आणि घरी जातील. त्या बिल्डरला तरी दुसरं काय हवंय?

मी अजून जिती आसंय. येत्या मंगळवारी आम्ही शिबिरातल्या सगळ्याजणी बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसणार. ताब्याची तारीख करारात घातल्याशिवाय उठायचं नाही असं ठरलंय. तारीख मिळेल, नाहीतर पोलीस उचलतील. काय होतं ते मला माहीत नाही, तुलाही नाही. तर ये, बस आमच्यात, आणि जे होईल ते लिही.

सकाळी नऊला निघतो. माया आहे ती आहेच, पण उशीर केलास तर थांबणार नाही.

तुझी,
प्रेमामावशी