बोटांवरचं डायक्रोमेट

आप्पा, आज मुलांकडून कापूर करून घेतला. तळोद्याच्या बाजारातून आणलेलं संडास-मोरी धुवायचं साधं ब्लीच आणि थोडं ॲसिटिक आम्ल. बोर्निऑल नावाच्या अल्कोहोलमध्ये थेंबाथेंबानं सोडायचं, खिडक्या उघड्या ठेवून. धडगावहून जीपनं येणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एवढ्यावरच होतं?" होतं. शेवटी टाकून द्यायला उरतं ते बहुतेक मिठाचं पाणी. मुलं खूश होती. मी मात्र लवकर घरी आले.

तुम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई. असलेच प्रयोग तेव्हा नारिंगी डायक्रोमेटनं व्हायचे, आणि मुलं गेली की ती भांडी तुम्ही उघड्या हातांनी धुवायचात. बोटांच्या पेरांवर गोल खड्डे पडलेले, आतून कोरल्यासारखे. महिनोन् महिने भरत नसत. तिखट झोंबतं म्हणून आई भाकरी दुधात कुस्करून देते, तुम्ही चमच्यानं खाता. मी विचारते तर म्हणता, "काही नई बेटा, पानीमा हात ऱ्हास ना."

ते नुसतं पाणी नव्हतं, डायक्रोमेट कातडी खातं, हे मला एमएस्सीला गेल्यावर कळलं. ब्लीचचा प्रयोगही तिथंच शिकले. दिवाळीच्या सुट्टीत येऊन तुमच्या सरांना सांगितलं. ते हसले. "अभ्यासक्रमात डायक्रोमेट आहे. परीक्षकांना काय सांगू, मोरीच्या ब्लीचनं केलं म्हणून?" तुम्ही दाराशी भांड्यांचा ट्रे घेऊन उभे होता. घरी आल्यावर चप्पलही न काढता माझ्यावर ओरडलात, "त्यासनी माले नोकरीले लायं. तू त्यासलेच शिकाडी ऱ्हायनी का?" तुम्हाला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पुढं तुमच्या नाकातून रक्त यायला लागलं, मग फुप्फुस गेलं. कशानं, ते सुरतच्या डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही. सरांबद्दल तुम्ही शेवटपर्यंत चांगलंच बोललात.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते. इथं कॉलेजात सगळ्यांना वाटतं, मी आल्या आल्या डायक्रोमेट बंद केलं. तसं नाही, आप्पा. नोकरी कायम होईपर्यंत चार वर्षं मीही तेच वापरलं. विभागप्रमुखांसमोर तोंड उघडायची भीती वाटायची. भांडी धुवायला एक मावशी होत्या. निघताना मी रोज सांगायची, "मावशी, हातमोजे घाला हं." कपाटात हातमोजे आहेत की नाहीत, हे मी एकदाही उघडून पाहिलं नाही.